खाडीला दिलेला कुकर

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. पनवेलला खाडीकडून चिखलाचा वास आला की ती अख्खी समोर उभी राहते, पंचनाम्यासकट. उभ्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीला गेलेला रोड रोलर शोधून काढला. पण एका प्रेशर कुकरने मला जेवढं पळवलं, तेवढं कुठल्या गुंडाने पळवलं नाही. नावं कोणाचीच देणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि मला मासळी त्याच बाजारातून घ्यावी लागते.

दुपारी साडेबाराच्या सुमाराला दवाखान्यातून ठाण्यात वर्दी आली. भाजलेला किंवा जबर मार लागलेला माणूस दाखल झाला की दवाखान्याने पोलिसांना कळवायचं असतं. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो. बाई पन्नाशीची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासळी विकणारी. घरात कुकर फुटला होता. झाकण उडून डाव्या डोळ्यावर बसलं होतं, जबडा मोडला होता, तोंड बांधून ठेवलं होतं. जबाब देण्याच्या स्थितीत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर 'अपघात' असं लिहून कागद फाइलला लागला असता. पण वॉर्डाबाहेर बाईचा भाऊ उभा होता. बंदरावर मजूर पुरवणारा ठेकेदार. गळ्यातली सोन्याची साखळी अशी, की तिने ट्रॉलर बांधून ठेवता आला असता.

"साहेब, हा अपघात नाय. माझ्या बहिणीला सुनेनं उडवली."

"कशावरून म्हणता?"

"कुकर कोणी आणला? तिनं! मोबाईलवरून मागवला. इतकी वर्षं माझी बहीण टोपात भात शिजवते, तिचं काय अडलं होतं? शिट्टीत कायतरी कोंबलं असणार. सकाळीच दोघींचं वाजलं होतं, अख्ख्या वाड्यानं ऐकलंय."

"कशावरून वाजलं?"

"ते आपलं... बोंबील कुठं वाळत घालायचे त्यावरनं."

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, या कारणाने खून पडायला लागले तर कोठडीचा मजला वाढवावा लागेल."

मलाही हसू येत होतं, पण घरी पाठवलेल्या शिपायाचा तेवढ्यात फोन आला आणि ते गेलं. स्वयंपाकघर धुऊन काढलं होतं आणि फुटलेला कुकर घरात कुठेच नव्हता.

पोलिसाचं डोकं एका ठरलेल्या रुळावर चालतं. वस्तू गायब झाली म्हणजे कोणीतरी गायब केली, आणि ज्याने केली त्याला काहीतरी लपवायचं आहे. माझं डोकंही त्याच रुळावर सुसाट सुटलं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो, म्हणून महिला शिपाई सोबत घेऊन कोळीवाड्यात गेलो. सून पंचविशीच्या आतली. नवरा टगबोटीवर कामाला, तेव्हा समुद्रात. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

"हात कशाने भाजला?"

"आईंना ओढली ना मी मागं, तेव्हा."

"कुकर कुठे आहे?"

"मला नाय माहीत, सायेब. मी आईंसंगती रिक्षात होते. आले तर नव्हता."

"घर कोणी धुतलं?"

"शेजारणींनी. रगात होता सगळीकडं."

मी जबाबाखाली शेरा मारला: 'समाधानकारक उत्तरे देत नाही.' आता सांगतो, तिने दिलेलं प्रत्येक उत्तर खरं होतं. ते मला हवं होतं तसं नव्हतं, इतकंच.

जबाबावर सही करताना ती म्हणाली, "सायेब, नेयाची तर न्या मला. पण आईंचा तोंड सुटला, त्यांनी इचारला, तर मी केला असा कोणी सांगू नका त्यांना." महिला शिपायाने मान फिरवली. मी कागद गोळा केले आणि बाहेर पडलो.

पुढचे दोन दिवस मी कुकरच्या मागावर होतो. पनवेल ते उलवे एक भंगारवाला सोडला नाही. माझा आवाज त्या काळी असा होता, की वायरलेस बंद पडला तरी बीटवरच्या शिपायाचं अडत नसे. त्या आवाजाने भंगारवाले इतके घाबरले, की ज्याच्याकडे जो कुकर होता तो आणून त्याने ठाण्यात टाकला. मुद्देमालाची खोली भांड्यांच्या दुकानासारखी दिसायला लागली. एका हॉटेलवाल्याने तर इडलीपात्र जमा केलं आणि पावती मागितली. फुटलेला कुकर मात्र त्यात नव्हता. इकडे बाईचा ठेकेदार भाऊ, त्या घराचा मामा, रोज दहा माणसं घेऊन फाटकात उभा, आणि वरिष्ठांचा फोन: "सुनेला अटक कधी?" खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा एकदा दाखल झाला की ती पोर आत गेली असती, आणि बाहेर येईपर्यंत तिच्या संसारात काय उरलं असतं ते कोणी सांगावं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा घराची झडती घेतली आणि हात हलवत बाहेर आलो. ओट्यावर सासरा जाळं शिवत बसला होता. पहिल्या दिवसापासून तो तिथेच होता. आत-बाहेर करताना आम्ही प्रत्येक वेळी त्याच्या जाळ्यावरून उडी मारत होतो. म्हातारा कमी बोलणारा, म्हणून आम्ही त्याला ओट्याचा खांबच समजलो होतो. त्याने सुई थांबवली आणि मान वर केली.

"सायेब, त्या दिसापासून तुमी शोधता काय?"

"कुकर, बाबा! फुटलेला कुकर!"

"त्यो? त्यो मी खाडीला दिला."

माझा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बसला. हवालदारानेच विचारलं, "का दिला?"

"रगात पिलेला भांडा आमचे घरान ठेवाचा नाय. ओहोटीला सोडाचा. माझा बाप सोडीत होता, मी सोडला."

"अहो, मग सांगितलं का नाही इतके दिवस?"

"तुमी बायकांनाच इचारीत होता. मला कोणी इचारला?"

हे त्या घरात कोणालाच नवल वाटण्यासारखं नव्हतं. विळी लागली तर विळी खाडीत, कोयता लागला तर कोयता खाडीत. सून नवी, तिला ही रीत ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असलेल्या कोणाला ती पोलिसांना सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही. मी कपाळाला हात लावला. ओहोटीने नेलेली वस्तू म्हणजे अलिबागच्या पुढे गेली असणार!

म्हातारा म्हणाला, "कुठं जाते! झाकना-बुडाला दोरी बांधली, वर धोंडा बांधला. परत घरला येवाचा नाय म्हणून. जिथं सोडला तिथंच हाय."

"चला मग आत्ताच!"

"आता भांग सरतंय, पानी अजून थोडाच हलतंय. परवा आमावस, उधान लागल. तवा पानी लांब ओढल नि तला उघडा पडल. तवा या. जेवून या."

वरिष्ठांना मी कळवलं, की पुरावा अमावास्येला मिळेल. मग ते म्हणाले, "भगताला बोलावलंय की काय तुम्ही?" मी म्हटलं, "नाही साहेब, कोळ्याला." त्यांनी दोन दिवस दिले, पण ते देतानाचा त्यांचा सूर मी इथे लिहीत नाही.

अमावास्येला संध्याकाळी पाणी खरंच गेलं. खाडीचा तळ असा उघडा पडला, जणू कोणी चादर ओढून घेतली. पंच म्हणून दोन सरकारी कारकून आणले होते. त्यांतला एक पांढरी पँट घालून आला होता. त्या पँटचं पुढे काय झालं हा स्वतंत्र पंचनाम्याचा विषय आहे. माझं वजन तेव्हा एका लहान होडीइतकं. पहिल्या पावलाला गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याला कमरेपर्यंत गेलो, आणि तिसरं पाऊल टाकलं असतं तर महाराष्ट्र पोलीस दलात एक जागा रिकामी झाली असती. म्हातारा मात्र त्याच चिखलावरून अंगणात फिरावं तसा पुढे गेला, जाळ्याच्या एका खुंटाशी वाकला आणि दोरी ओढली. कुकर वर आला. आत एक चिंबोरी नांग्या उगारून बसली होती.

हवालदार म्हणाला, "साहेब, आरोपी आत आहे."

चिंबोरीला सोडून दिलं. कुकर, झाकण, शिट्टी, दोरी, धोंडा, सगळ्याचं वर्णन पंचनाम्यात आलं. पंचांनी चिखलाच्या हाताने सह्या केल्या. मुद्देमाल सीलबंद करण्याआधी मी बुड पुसून पाहिलं. त्यावर आयएसआयचा छाप ठसठशीत होता आणि त्याखाली परवाना क्रमांक. हा क्रमांक मोबाईलवरही तपासता येतो, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. महिला शिपायाने तपासला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. तो परवाना होता पाण्याच्या पाइपचा! दुसऱ्याच राज्यातला कारखाना, त्याचा नंबर चोरून कुकरच्या बुडावर ठोकलेला.

मुद्देमाल प्रयोगशाळेकडे गेला. अहवालाबरोबर तिथला तज्ज्ञ मला सोप्या भाषेत सांगून गेला. शिट्टीत कोणी काही कोंबल्याची, ठोकल्याची खूण नाही. डाळीचा फेस वर येऊन शिट्टी अडते, ते कोणाच्याही घरी होतं. म्हणूनच झाकणावर दुसरा, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफ कोंडली की त्यातला मऊ धातू वितळायचा आणि वाफेला वाट द्यायची. इथे त्या जागी भरीव पितळेची गोळी होती, वरून चांदीसारखा रंग दिलेली.

"म्हणजे सुनेनं काही केलं नाही?" मी विचारलं.

"कुकर विकला त्याच दिवशी तो फुटायचा होता, साहेब. फक्त कोणाच्या घरी, ते ठरायचं राहिलं होतं."

मी सुनेच्या जबाबावरचा माझा शेरा काढून घेतला. कागदावर खाडाखोड चालत नाही, म्हणून पुरवणी जबाब घेतला, आणि त्यात तिचा भाजलेला हात सासूला वाचवताना भाजला असं स्वच्छ लिहिलं. मग गुन्हा दाखल केला, कुकर विकणाऱ्यावर. पण तो होता कुठे?

ज्या ऑनलाइन दुकानावरून कुकर मागवला, त्यांनी उत्तर पाठवलं, की आम्ही फक्त विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला दुवा आहोत. शिवाय सुनेच्या मोबाईलवर गोड संदेश: फुटलेली वस्तू परत द्या, आमचा माणूस न्यायला येईल, तुम्हाला तसाच नवा कुकर मिळेल! सुनेने तो मला दाखवला तेव्हा मी तिला म्हटलं, "बाई, आता हे न्यायला माणूस नाही, खुद्द मालक आला पाहिजे."

बिलावर विक्रेत्याचा पत्ता सुकापूरचा होता. गेलो, तर तिथे ब्यूटी पार्लर. आतली बाई हातात दोरा धरून बाहेर आली. "इथं भुवया होतात, कुकर नाही. तुम्ही चौथे आलात विचारायला." चौथे! म्हणजे याआधी तीन घरं फिरून गेली होती.

वाट सापडली ती पुन्हा त्याच घरात. मी सहज विचारलं, "कुकर ज्यात आला तो खोका फेकला ना?" सून म्हणाली, "फेकला कशाला? माळ्यावर हाय. सुकट भरलीय." कोळ्याच्या घरात चांगला खोका वाया जात नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं. सुकट दुसऱ्या पिशवीत ओतली. खोक्याच्या बुडाला दुसरं लेबल होतं: माल परत आल्यास कुठे पाठवायचा त्याचा पत्ता. जासईचं एक गोदाम, कंटेनर यार्डांच्या रांगेत. माल परत येण्याचा पत्ता कोणी खोटा देत नाही. तो खोका मुद्देमालात गेला आणि पुढचे सहा महिने आमच्या ठाण्यात येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "आज जेवायला काय आहे?"

गोदामात छतापर्यंत कुकर रचलेले. विक्रेता तिशीचा, इस्तरीचा शर्ट, अत्तराचा वास. चौकशीला बोलावलं तर बोलणं लोण्यासारखं.

"सर, मी फक्त ट्रेडर आहे. माल येतो, मी विकतो. छाप कारखान्यातूनच येतो. मला टेक्निकल काय कळतं? आणि खरं सांगू, लोक वापरतात चुकीचे. काठोकाठ भरतात."

सगळं तिथेच अडलं होतं. माल वाईट आहे हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं? मी आवाज चढवला नाही. आमच्या ठाण्यात चौकशीच्या खोलीला लागून शिपायांचं स्वयंपाकघर होतं, मधलं दार कायम उघडं. मी विचारलं, "पण कुकर चांगले असतात ना हो तुमचे?"

"एक नंबर, सर."

"मग बरं झालं." मी हवालदाराला हाक मारली. "लाव रे खिचडी. डाळ जास्त घाल."

हवालदाराने कुकर गॅसवर चढवला. मी खुर्ची वळवून दारासमोर निवांत बसलो, विक्रेत्याला शेजारी बसवलं, आणि त्याच्या गावाकडची चौकशी सुरू केली. आई-वडील कसे आहेत, पाऊसपाणी कसं आहे. वाफेचा आवाज यायला लागला. त्याने खुर्ची मागे घेतली. शिट्टी हलायला लागली. तो भिंतीला टेकला. त्याच्या कपाळावरून असा घाम वाहत होता, की अत्तर धुऊन गेलं.

"बसा हो," मी म्हटलं, "शिट्टी होईपर्यंत दम धरा."

"सर, बंद करा! गॅस बंद करा! त्यात व्हॉल्व्ह..."

"व्हॉल्व्हचं काय?"

तो तोंडावर हात ठेवून दाराकडे धावला. दारात महिला शिपाई उभी होती. तेवढ्यात शिट्टी झाली, एकदम सुरेल. तो कुकर आमच्या ठाण्याचा होता. माझ्याआधीच्या तीन इन्स्पेक्टरांनी त्यातली खिचडी खाल्लेली. मी त्याला कुठलीही खोटी गोष्ट सांगितली नव्हती. त्याचा कुकर आहे असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, हे कायदा शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण आरोपीच्या सांगण्यावरून जी वस्तू सापडते ती चालते. पंच बोलावले, त्याचं निवेदन लिहिलं, आणि त्यानेच गोदामाच्या माळ्यावर नेऊन छाप मारायचा ठसा दाखवला. शेजारी पितळी गोळ्यांचं पोतं होतं. त्याच्या मोबाईलमध्ये आधीच्या ग्राहकांच्या तक्रारी निघाल्या. एकाचं झाकण छताला लागलं होतं, एकीच्या मानेवर वाफ आली होती. प्रत्येकाला एकच उत्तर: वस्तू परत पाठवा, तुमचं समाधान करू. परत आलेले कुकर तो ठेचून भंगारात घालत असे. घराघरातला पुरावा ग्राहक आपल्या हाताने खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून त्याला पाठवत होते. आमच्या म्हाताऱ्याने तो खाडीला दिला म्हणून वाचला.

मामाला मी ठाण्यात बोलावून अहवाल वाचून दाखवला. तो साखळी बोटांवर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "साहेब, मीपण याच दुकानातून गिझर मागवलाय." हवालदार म्हणाला, "मग आजपासून थंड पाण्याने अंघोळ करा."

फौजदारी खटला आपल्या वाटेने गेला. पण तुरुंगाने त्या बाईचा डोळा भरून निघणार नव्हता. म्हणून मी त्या घराला जिल्हा ग्राहक आयोगाची वाट दाखवली. खरं तर एरवी माझ्यासारखे पोलीस ही वाट दाखवतात ती माणसाला दारातून घालवण्यासाठी. या वेळी कागद बांधून दिले. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा, दोघांकडे नुकसानभरपाई मागता येते. ऑनलाइन दुकानालाही 'आम्ही फक्त दुवा' म्हणून दर वेळी हात झटकता येत नाहीत. त्यांना विक्रेत्याचा खरा पत्ता ठेवावा लागतो, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. आणि वस्तू मागवली एकाने, वापरली घरातल्या दुसऱ्याने, तरी वापरणाराही ग्राहकच. हे सगळं मी त्या वयात, त्या प्रकरणामुळे शिकलो. तोवर मला ग्राहक म्हणजे दुकानाबाहेर भांडणारा माणूस एवढंच माहीत होतं.

दुसरीही एक गोष्ट शिकलो, आणि ती मला जास्त लागली. घरात काही फुटलं की आपण सगळे फुटलेल्या वस्तूच्या सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बघतो. बहुतेक वेळा ती सून असते. ती वस्तू कुठल्या गोदामातून कोणी पाठवली, त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, म्हणून तो सुटतो. माझं पहिलं बोटही त्या मुलीकडेच गेलं होतं, आणि माझ्या बोटात गुन्हा दाखल करायची ताकद होती. म्हातारा दोन दिवस उशिरा बोलला असता, तर मी तिला आत टाकलं असतं आणि रात्री शांत झोपलो असतो.

आयोगात तक्रार दाखल करायच्या दिवशी मी साध्या कपड्यात गेलो होतो. सासूच्या डोळ्यावर पट्टी, जबडा नुकताच सुटलेला. फाइल मामाच्या काखेत. वकिलाने कागद पुढे केला आणि म्हणाला, "मावशी, इजा तुम्हाला झाली, पहिली सही तुमची."

तिने पेन सुनेच्या हातात दिलं. सुनेने ते परत सासूपुढे धरलं.

"कर ना गं सही," सासू म्हणाली. जबड्यामुळे शब्द फुटत नव्हते, पण खोलीतल्या प्रत्येकाला ते ऐकू आले. "बाजारातून आल्यावर मला गरम डाळ मिळाली पायजे म्हणून आणला तिनं. पयला नाव तिचाच लिवा."

मामाने फाइल टेबलावर ठेवली आणि सही नीट व्हावी म्हणून भाचेसुनेचा कागद दोन्ही हातांनी धरला.